बॉलिंग बॉलला तडे का जातात आणि बॉल जास्त वर्षं टिकावा म्हणून नेमकं काय काय करायचं

स्वतःचा बॉल घेऊन ड्रिल करून घेतलेल्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. पंधरा-सोळा पाउंडांची एवढी टणक वस्तू, पिनांवर आपटायलाच बनवलेली, आणि ती बॅगेत नुसती पडून असताना फुटते कशी? बॅग उघडावी आणि अंगठ्याच्या होलपासून एक बारीक रेघ निघालेली दिसावी, मागच्या वेळी ती तिथे नव्हती हे पक्कं आठवत असतं, आणि मग पहिला संशय लेनवर जातो, बॉल परत पाठवणाऱ्या मशीनवर जातो, नाहीतर बॉल बनवणाऱ्या कंपनीवर जातो. कधीकधी तो खराही असतो. पण बरेचसे तडे खेळताना जातच नाहीत, ते दोन खेळांच्या मधल्या काळात जातात, म्हणजे गाडीच्या डिकीत, स्टोअररूममध्ये, बाल्कनीत, खिडकीखाली. आणि हा काळ पूर्णपणे आपल्या हातात असतो, म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहितोय.

आधी आत काय असतं ते समजून घ्या

बॉल बाहेरून एकसंध दिसतो पण तो एका मटेरियलचा नसतो. पूर्वी लाकडी बॉल असायचे, लिग्नम व्हिटे नावाच्या अतिशय जड लाकडाचे, मग १९०५ मध्ये एव्हरट्रू हा रबरी बॉल आला आणि १९१४ मध्ये ब्रन्सविकने मिनरलाइट काढला, तोही कडक रबराचा. नंतर पॉलिएस्टर म्हणजे ज्याला सगळे प्लास्टिक बॉल म्हणतात तो, मग युरेथेन, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन. आज हुक म्हणजे लेनच्या शेवटी वळणारा शॉट टाकणाऱ्या लोकांच्या बॅगेत बहुतेक करून रिॲक्टिव्ह बॉलच असतो, आणि तड्यांच्या तक्रारीही त्याच्याच जास्त.

आधुनिक बॉलच्या मधोमध कोअर असतो, जड भुकटी मिसळलेल्या रेझिनचा, ठराविक आकारात ओतलेला. त्याच्याभोवती बऱ्याच मॉडेल्समध्ये हलक्या मटेरियलचा फिलर असतो, आणि सगळ्यात बाहेर कव्हरस्टॉक, जो लेनला लागतो तो भाग. आता हे कव्हर आतल्या गोळ्याभोवती पातळ स्वरूपात ओततात आणि ते घट्ट होताना थोडं आकसतं, पण आतला गोळा आधीच कडक झालेला असल्यामुळे त्याला हवं तितकं आकसता येत नाही. म्हणजे कव्हर पहिल्या दिवसापासून आतल्या गोळ्यावर ताणून बसलेलं असतं, आणि नव्याकोऱ्या बॉलमध्येसुद्धा हा ताण असतो.

पुढे काय होतं तर कव्हर हळूहळू अजून आकसत राहतं. रिॲक्टिव्ह कव्हरमध्ये प्लॅस्टिसायझर म्हणजे मटेरियलला लवचिक ठेवणारे द्रव घटक असतात, ते काळाबरोबर थोडे थोडे बाहेर येतात, आणि उष्णता मिळाली की जास्त वेगाने येतात. ते गेले की कव्हर कडक आणि ठिसूळ होतं. कोअर मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे जुन्या बॉलला, कोणी हात न लावता, एक दिवस सबंध गोलाकार तडा गेलेला दिसतो तो यातूनच.

तापमानाचा मुद्दा, आणि हाच सगळ्यात मोठा आहे

कोअर, फिलर आणि कव्हर ही तिन्ही मटेरियल्स तापमान बदललं की वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. त्यात ही सगळी उष्णतेची वाईट वाहक आहेत, त्यामुळे बाहेरचं तापमान बदललं तरी आतपर्यंत पोचायला तास न् तास लागतात. गरम बॉल एकदम गार जागी नेला की कव्हर लगेच थंड होऊन आकसायला लागतं आणि आतला गोळा अजून गरम, फुगलेलाच असतो. आधीच ताणलेलं कव्हर अजून ताणलं जातं, आणि जिथे कमकुवत जागा असेल तिथे फाटतं. गरम काचेच्या ग्लासात गार पाणी ओतल्यावर जे होतं तेच, फक्त इथे ते हळू होतं आणि बऱ्याचदा आवाजसुद्धा येत नाही.

म्हणून गरमातून गारात जाणं हे गारातून गरमात येण्यापेक्षा जास्त धोक्याचं. उलट दिशेने कव्हर आधी फुगतं आणि त्याचा ताण थोडा सैल होतो, त्यामुळे लगेच तडा जायची शक्यता कमी असते, पण तेही वारंवार झालं की थरांची एकमेकांवरची पकड ढिली होत जाते. उन्हात बंद गाडीत तापमान ५०-६० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातं. त्या डिकीत दिवसभर बॉल ठेवायचा आणि संध्याकाळी तिथून थेट एसीच्या हॉलमध्ये नेऊन पहिला शॉट टाकायचा, बॉलसाठी याच्याइतकं वाईट वेळापत्रक दुसरं नाही. थंड प्रदेशात हेच उलट्या क्रमाने घडतं, रात्रभर गोठलेल्या गाडीत राहिलेला बॉल सकाळी हॉलमध्ये आणून लगेच टाकतात, तेव्हा कव्हर ठिसूळ झालेलं असतं आणि त्यात पिनांचा मार बसतो.

लक्षात ठेवायचा आकडा म्हणाल तर साधारण १० ते ३२ अंशांच्या मध्ये बॉल ठेवा, २० ते २५ उत्तम. आणि एक गोष्ट मी आकड्यापेक्षाही महत्त्वाची मानतो, ती म्हणजे बदल सावकाश व्हायला पाहिजे. कायम २८ अंशांच्या खोलीत पडलेला बॉल हा दिवसातून दोनदा १८ आणि ३५ च्या मध्ये फिरणाऱ्या बॉलपेक्षा खूप जास्त सुरक्षित असतो.

होल्स, म्हणजे आपण स्वतः तयार केलेली कमकुवत जागा

ताण सगळ्या कव्हरवर पसरलेला असतो तोपर्यंत ठीक असतं, पण आपण त्यात तीन होल्स पाडतो, आणि कुठल्याही ताणलेल्या वस्तूत होल पाडलं की ताण होलच्या कडेला गोळा होतो. म्हणून बहुतेक तडे होलपासून सुरू होतात किंवा होलपर्यंत येऊन थांबतात. दोन बोटांच्या होल्सच्या मधल्या पट्टीला ब्रिज म्हणतात, ती साधारण पाव इंच म्हणजे ६ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची पद्धत आहे. बोटं जवळ हवीत म्हणून काही जण ती अजून बारीक करून मागतात. हातात बरं वाटतं, मान्य आहे, पण ती पट्टी मग सगळ्यात आधी जाते.

होलची वरची कड धारदार ठेवली तरी तिथून चीर सुरू होऊ शकते, म्हणून ड्रिलर कड गोलसर करतो, त्याला बेव्हल म्हणतात, आणि ते फक्त अंगठा सोलू नये म्हणून नसतं. ड्रिलचं बिट बोथट असेल तर ते कापण्याऐवजी घासत जातं, होलच्या भिंती तापतात, आणि तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा राहतात. चांगला ड्रिलर धारदार बिट वापरतो, घाई करत नाही, मधेमधे भुसा काढतो.

प्लगची पण गोष्ट आहे. जुनी होल्स भरून नवीन पाडली की भरलेलं मटेरियल आणि मूळ कव्हर यांच्यात एक जोड तयार होतो, आणि दोघांचं आकसणं वेगळं असतं. पूर्वी बॅलन्ससाठी चौथं होल पाडायची पद्धत होती, ते यूएसबीसीने, म्हणजे अमेरिकेत बॉलिंगचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, १ ऑगस्ट २०२० पासून बंद केलं, त्यामुळे त्याआधीच्या बऱ्याच बॉलमध्ये ते होल भरलेलं दिसेल. भरलेलं होल म्हणजे खराब बॉल असं नाही, पण तपासणी करताना नजर तिथे आधी गेली पाहिजे.

मार बसून जाणारे तडे

हे ओळखायला सोपे असतात कारण तिथे बहुतेक वेळा खूण असते. टवका उडालेला असतो, अर्धचंद्रासारखी रेघ असते, नाहीतर एका बिंदूपासून फुटलेल्या छोट्या रेघा असतात. बॉल उंचावरून लेनवर आदळणं, परत येताना रॅकवर आधी उभ्या असलेल्या बॉलला धडकणं, पिनांच्या मागच्या पिटमध्ये म्हणजे खड्ड्यात किंवा बॉल वर उचलणाऱ्या यंत्रणेत एखादा स्क्रू किंवा पट्टी बाहेर आलेली असणं, ही त्याची नेहमीची कारणं. एकाच लेनवर दोन-तीन जणांच्या बॉलला एकसारखी खूण पडायला लागली तर लगेच काउंटरवर जाऊन सांगा, ते मशीन तपासतील, आणि पुढच्या माणसाचा बॉल वाचेल.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते टप्प्याटप्प्याने.

टप्पा १: नवीन बॉल आल्यावर

कुरिअरने आलेला बॉल वाटेत कुठल्या गोदामात, कुठल्या ट्रकमध्ये किती तापला किंवा गारठला आपल्याला माहीत नसतं. खोका उघडायची घाई नको, खोक्यासकट २४ तास खोलीत राहू द्या, मगच ड्रिलिंगला न्या. ड्रिलरकडे गेल्यावर ब्रिज फार बारीक करायचा हट्ट धरू नका. अंगठ्याला किंचित मोकळं होल आणि आतून टेप लावून फिट करणं हे घट्ट होलपेक्षा चांगलं, कारण हात फुगला की टेप काढता येतो आणि होल खरवडत बसावं लागत नाही.

फिंगर इन्सर्ट म्हणजे बोटांच्या होलमध्ये बसवलेली रबरी नळी, ते बदलायची वेळ येते तेव्हा लोक स्क्रूड्रायव्हर घालून ते उचकटतात. तो टेकतो नेमका होलच्या कडेवर, म्हणजे ताण जिथे आधीच गोळा झालाय तिथेच. इन्सर्ट काढायचं वेगळं टूल मिळतं ते वापरा नाहीतर ड्रिलरकडून पाच मिनिटांत करून घ्या.

टप्पा २: घरात कुठे आणि कसा ठेवायचा

घरातली आतली खोली, जिथे माणसं राहतात, झोपतात, ती सगळ्यात चांगली, कारण तिथलं तापमान आपण आपल्यासाठीच बरं ठेवलेलं असतं. कपाटाचा खालचा कप्पा, पलंगाखालची जागा चालते. गच्ची, गॅरेज, पत्र्याखालची स्टोअररूम, बाल्कनी चालत नाही. हीटरजवळ, एसीच्या थेट झोतात, ऊन येणाऱ्या खिडकीखाली नको. काँक्रीटच्या किंवा फरशीच्या उघड्या जमिनीवर थेट ठेवू नका, खाली रबरी रिंग, बॉल कप, जाड टॉवेल काहीतरी असू द्या, एक तर जमीन एकाच बिंदूतून बॉल गार करत राहते आणि दुसरं म्हणजे सगळं वजन त्या एकाच बिंदूवर येतं.

दर दोन-तीन आठवड्यांनी बॉल थोडा फिरवून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि त्या निमित्ताने बॉल डोळ्यांखालून जातो, तो फायदा वेगळा.

काही महिने खेळणार नसाल तर बॉल आधी स्वच्छ करा, पूर्ण कोरडा होऊ द्या, आणि मग हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा म्हणजे प्लॅस्टिसायझर उडायचा वेग कमी होतो. अंगठ्याचा स्लग, म्हणजे होलमध्ये बसवलेली प्लास्टिकची नळी, फिरवून निघणाऱ्या प्रकारचा असेल तर तो काढून ठेवलेला बरा. कव्हर आकसतं तेव्हा होलही लहान व्हायला बघतं, आत स्लग घट्ट बसलेला असेल तर त्याला जागा मिळत नाही आणि ताण कडेवर येतो.

टप्पा ३: नेताना आणतांना

साधा नियम, बॉल गाडीत राहायला ठेवायचा नाही, तो फक्त गाडीतून न्यायचा. कामावरून थेट खेळायला जात असाल तर बॅग ऑफिसमध्ये वर घेऊन जा, जड आहे हे खरं आहे, म्हणून चाकाची बॅग घ्या. अगदीच इलाज नसेल तर गाडी सावलीत लावा आणि बॉल जाड टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा, टॉवेलमुळे निदान बदल सावकाश होतो.

हॉलमध्ये पोचल्यावर बॉल बॅगेतून काढून रॅकवर ठेवा आणि बूट घालणं, स्ट्रेचिंग, गप्पा ते सगळं आधी उरका. बॉल हाताला नेहमीपेक्षा गरम किंवा गार लागत असेल तर मात्र अर्धा तास पुरत नाही, आतपर्यंत सारखं व्हायला ६-८ तास लागू शकतात, त्या दिवशी हॉलचा बॉल वापरा किंवा निदान सुरुवातीचे शॉट हलक्या हाताने टाका. विमानातून चेक-इन सामानात गेलेला बॉल रात्रभर खोलीत ठेवून दुसऱ्या दिवशी खेळायचा. बॅगेत दोन-तीन बॉल असतील तर प्रत्येकाला वेगळी कापडी पिशवी हवीच, एकमेकांवर आपटून उडालेल्या टवक्यापासून पुढे तडा जातो.

टप्पा ४: खेळताना आणि खेळून झाल्या झाल्या

रिॲक्टिव्ह कव्हर सच्छिद्र असतं आणि लेनवर मुद्दाम लावलेलं ऑइल पिऊन घेतं. ऑइलमुळे लगेच तडा जातो असं मी म्हणणार नाही, ऑइलचं मुख्य नुकसान म्हणजे बॉलचा हुक मरतो. पण मग तो हुक परत आणायला लोक जे उपाय करतात, ओव्हन, हीटर, ऊन, त्यातून बॉल फुटतात. म्हणजे रोजची सफाई केली तर ते जालीम उपाय करायची वेळच येत नाही.

प्रत्येक शॉटनंतर मायक्रोफायबर टॉवेलने बॉलवर उमटलेली ऑइलची रिंग पुसून टाका. यूएसबीसीच्या स्पर्धांमध्ये खेळ चालू असताना द्रव क्लीनर वापरता येत नाही, कोरडा टॉवेल चालतो, आणि खरं तर तेवढा पुरतो. शेवटचा गेम झाला की मात्र बॅग भरायच्या आधी, बॉल अजून कोमट असताना, बॉल क्लीनर मारून सगळीकडून नीट पुसा. घरी जाऊन करू म्हटलं की तोपर्यंत ऑइल आत गेलेलं असतं.

क्लीनर बॉलसाठीचाच घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल पुसण्यापुरतं चालतं. ॲसिटोन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांच्या जवळपासही जाऊ नका. सॉल्व्हंट कव्हरमध्ये शिरून त्याचा स्वभाव किती बदलू शकतो याचं उदाहरण बॉलिंगच्या इतिहासातच आहे. डॉन मॅक्यून नावाच्या प्रोने प्लास्टिक बॉल रसायनात भिजवून मऊ केले, ते लेनला जास्त पकडायला लागले, १९७३ मध्ये त्याने सहा किताब जिंकले आणि प्लेअर ऑफ द इयर झाला, आणि त्यानंतर बॉलच्या कडकपणावर नियम आले. बॉल भिजवून एवढा फरक पडतो तर चुकीच्या बाटलीने दर आठवड्याला पुसत राहिल्यावर कव्हरचं काय होत असेल विचार करा.

टप्पा ५: आत गेलेलं ऑइल काढणं

साधारण ५०-६० गेमनंतर बॉल लेनच्या शेवटी वळेनासा होतो, पुसला तरी चकाकत राहतो, तेव्हा खोल सफाई लागते. प्रो शॉपमध्ये, म्हणजे बॉल विकणाऱ्या आणि ड्रिल करून देणाऱ्या दुकानात, यासाठी तापमान नियंत्रित मशीन असतं, तिथे करून घेणं सगळ्यात बरं. घरी करायचं तर गरम पाण्याची बादली, पण ती नीट करायची, कारण चुकीच्या पद्धतीने केली तर हाच तापमानाचा धक्का आपण स्वतः देतोय. आणि आधी वॉरंटीचा कागद वाचा, बॉलला उष्णता दिली तर वॉरंटी जाते असं काही कंपन्या स्पष्ट लिहितात.

सगळ्यात आधी बॉल नीट तपासा. आधीच कुठे चीर असेल तर हा टप्पा सोडा, पाणी आत शिरेल आणि चीर वाढेल. मग बॉल क्लीनरने पुसून होल्सवर वॉटरप्रूफ टेप घट्ट लावा, कडा बोटाने दाबून बसवा. बादलीत आधी कोमट पाणी घ्या, बॉल आत ठेवा, खाली टॉवेलची घडी असू द्या, आणि मग हळूहळू गरम पाणी घालत ४५-५० अंशांपर्यंत न्या, थर्मामीटर नसेल तर हात आत ठेवून सहन होईल इतपतच, त्याच्यावर नाही. डिशवॉशिंग लिक्विडचे दोन-चार थेंब टाका. ११ पाउंड किंवा हलका बॉल पाण्यावर तरंगतो, त्याला मधेमधे फिरवत राहावं लागतं, त्यापेक्षा जड बॉल बुडतो.

१५-२० मिनिटांनी बॉल बाहेर काढला की कव्हरवर पिवळसर चिकट थेंब जमलेले दिसतात, बोटाला बुळबुळीत लागतात, तेच लेनचं ऑइल. ते लगेच पुसायचं, बॉल गार होत गेला की ते परत आत जातं. पाणी बदलून अजून एकदा करू शकता. दुसऱ्यांदा काढल्यावर थेंब जवळजवळ आले नाहीत तर थांबा.

झालं की टेप काढा, होल्स कोरडी करा, आणि बॉल टॉवेलवर ठेवून खोलीच्या तापमानाला आपोआप गार होऊ द्या. पंखा नको, एसी नको, गार पाण्याची धार तर अजिबातच नको. रात्रभर असाच राहू द्या, दुसऱ्या दिवसाआधी खेळायचं नाही.

घरचा ओव्हन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, हेअर ड्रायर, कडक ऊन, हे सगळं विसरा. ओव्हनमध्ये एका बाजूने जास्त उष्णता मिळते, तापमान वरखाली होत राहतं आणि कव्हर आतून किती तापलंय ते कळत नाही. तेल भरपूर निघतं हे खरं, त्याच्याबरोबर प्लॅस्टिसायझरही निघून जातात.

टप्पा ६: सर्फेस

यात तड्यांच्या दृष्टीने फार काही नाही. साधारण ६० गेमनंतर स्पिनरवर म्हणजे बॉल फिरवणाऱ्या मशीनवर सँडिंग पॅडने सर्फेस नवा करून घ्या. एकच गोष्ट, छोटा टवका दिसला तर सर्फेस करायच्या आधी भरून घ्या म्हणजे एकाच वेळी समतल होतो.

टप्पा ७: महिन्यातून एकदा तपासणी

हे मात्र मनापासून करा, दहा मिनिटं लागतात. चांगला उजेड हवा, शक्यतो टॉर्च, आणि तो वरून पाडायचा नाही, बाजूने तिरका पाडायचा, म्हणजे चिरेची सावली पडते. बॉल स्वच्छ पुसा. ब्रिजपासून सुरुवात करा, मग अंगठ्याच्या होलची कड, मग होल्सच्या आतल्या भिंती, मग भरलेली होल्स असतील तर त्यांच्या कडा, आणि शेवटी सगळा बॉल फिरवत फिरवत.

संशयास्पद रेघ दिसली की आधी नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ती चीर किंवा ओरखडा आहे. अडकलं नाही तर बहुतेक कव्हरच्या रंगांची सीमा असते, दोन-तीन रंग मिसळलेल्या बॉलमध्ये अशा रेघा भरपूर असतात आणि लोक उगाच घाबरतात. तरी खात्रीसाठी तिथे अल्कोहोलचा बोळा फिरवून बघत राहा. आजूबाजूचा पृष्ठभाग काही सेकंदांत कोरडा होतो, चीर असेल तर तिच्यात गेलेलं अल्कोहोल मागे राहतं आणि ती रेघ ओली, गडद अशी थोडा वेळ उठून दिसते. ओरखडा तसा राहत नाही, लवकर वाळतो. अजून एक खूण म्हणजे बॉल पुसून ठेवल्यावर काही तासांनी एखाद्या रेघेतून ऑइल झिरपलेलं दिसणं.

चीर आहे हे कळलं की तिच्या दोन्ही टोकांना मार्करने बारीक खूण करा आणि फोटो काढा. पुढच्या आठवड्यात रेघ खुणेच्या पुढे गेली असेल तर ती वाढतेय, मग खेळणं थांबवा.

टप्पा ८: तडा गेलाच तर

कुठे गेलाय त्यावर सगळं अवलंबून आहे. टवका उडालाय, पण त्यापासून रेघ पुढे गेलेली नाही, तर बॉल रिपेअरच्या इपॉक्सीने भरून, वाळवून, घासून समतल करता येतो, बॉलला काही होत नाही.

ब्रिजला चीर असेल तर घाबरायचं कारण नाही, ही सगळ्यात दुरुस्त होणारी जागा. बारीक असेल तर ड्रिलर त्यात पातळ ग्लू सोडून काही काळ चालवून देतो, पण पक्कं काम म्हणजे दोन्ही बोटांची होल्स पूर्ण भरून, चीर त्यात खाऊन टाकून, परत ड्रिल करणं. या वेळी ब्रिज जाड ठेवा.

अंगठ्याच्या होलपासून एखाद इंच बाहेर गेलेली चीर मधल्या गटातली. ती किती खोल आहे ते ड्रिलर होलच्या आतून बघून सांगू शकतो. कव्हरपुरती असेल तर प्लग करून बघण्यात अर्थ आहे.

एका होलपासून दुसऱ्या होलपर्यंत लांब गेलेला किंवा बॉलला अर्धा वेढा घालणारा तडा असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. तो आतल्या ताणाने फाटलेला असतो, वरून ग्लू भरला तरी ताण तिथेच राहतो, आणि खाली कव्हर कोअरपासून सुटलेलं असण्याची शक्यता असते. असा बॉल खेळताना तुकडा होऊन उडाला तर लेन आणि मशीन दोन्हीचं नुकसान होतं, बोट चिरेत अडकून कापलं जातं ते वेगळंच.

मोठा तडा दिसला की काहीही करायच्या आधी, ग्लू लावायच्या आधी, खरेदीची आणि ड्रिलिंगची तारीख काढा. बऱ्याच कंपन्या एखाद-दोन वर्षांची वॉरंटी देतात, तिची मोजणी खरेदीपासून की ड्रिलिंगपासून हे कंपनीगणिक वेगळं असतं. होल्सपासून लांब, कुठलीही माराची खूण नसलेला तडा असेल तर दावा मान्य होण्याची शक्यता चांगली असते. टवका, मशीनची खूण, प्लग केलेली होल्स, उष्णता दिल्याच्या खुणा असतील तर कठीण. बॉलचा सिरियल नंबर, तड्याचे जवळून आणि लांबून फोटो, बिल, एवढं घेऊन जिथून घेतला त्या शॉपमार्फत पाठवा, थेट कंपनीला लिहिण्यापेक्षा ते लवकर होतं. घरच्या घरी ग्लू भरलेला बॉल मात्र बहुतेक वेळा परत येतो, म्हणून दाव्याचा निकाल लागेपर्यंत बॉलला हात लावू नका.